शेवटचें पाणी

आमच्या घरच्या न्हाणीघराला रात्रीं नवानंतर आंतून कडी लागली, म्हणजे बाहेरच्या मंडळींना काय समजावयाचें तें समजत असे. "आजहि अंधारकोठडी का?" असा प्रश्न दाराबाहेरून येई, आणि उत्तराची वाट न पाहतां पावलें स्वयंपाकघराकडे वळत. त्या प्रश्नांत तक्रार होती हें मी नाकारीत नाहीं. ज्या घरांत न्हाणीघर एक आणि माणसें सहा, त्या घरांतील एका माणसानें तें आठवड्यांतून दोन रात्री अडवून ठेवावें, खिडकीला घोंगडी ठोकावी, मोरीवर फळी आडवी टाकावी आणि तांबड्या उजेडांत तीन तीन तास कागद पाण्यांत बुडवीत बसावें, हें कोणत्याहि समंजस कुटुंबास रुचणारें नव्हे. तरीहि माझ्या घरच्यांनीं तें पंचवीसेक वर्षें सोसलें. फोटो काढणें हा छंद म्हणून लोकांना समजतो. परंतु काढलेला फोटो स्वतःच्या हातानें घरीं उतरवणें, हें मात्र त्यांना थोडेंसें वेडाचेंच लक्षण वाटतें.

घरगुती काळोख्या खोलीविषयीं इंग्रजी पुस्तकांतून जें लिहिलेलें असतें तें वाचून आमच्याकडील माणसानें खचून जाऊं नये. त्या पुस्तकांतल्या घरीं अखंड वाहणारा नळ असतो, पाण्याचें उष्णमान वीस अंशांवर राखणारी तोटी असते, आणि तीन तबकें एका ओळींत मावतील एवढा लांबरुंद कट्टा असतो. माझ्याजवळ होतें तें सहा फूट लांब व पांच फूट रुंद न्हाणीघर, एक बंब, दोन बादल्या आणि अंगणांत गुरें गेल्यावर मागें राहिलेली एक दगडी नांद. एवढ्या संसारांत कोरड्याची आणि ओल्याची सोयरीक होऊं द्यावयाची नाहीं, हा पहिला नियम मी चुका करून शिकलों. दाराच्या बाजूला एक लोखंडी ट्रंक, तिच्यावर एन्लार्जर आणि कागदाचें पाकीट. ही कोरडी बाजू. मोरीच्या बाजूला तबकें. ही ओली बाजू. मध्यें खुंटीवर एक पंचा. ओल्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे वळतांना हात धुऊन त्या पंचाला पुसल्यावांचून पाऊल टाकावयाचें नाहीं. हायपोचें एक बोट कोऱ्या कागदाला लागलें, तर तें त्या क्षणीं दिसत नाहीं. पण कागद डेव्हलपरमध्यें पडतांच ऐन कपाळावर किंवा शुभ्र लुगड्याच्या काठावर माझ्या आंगठ्याची मोहोर उमटते. सरकारी कागदपत्रांवर आंगठा उठवणाऱ्या माणसाची लाज मला कधीं वाटली नाहीं, ती येथें वाटली.

तीन तबकें ओळींत मावत नव्हतीं, म्हणून गांवच्या सुताराकडून मीं पायऱ्यांची एक घडवंची करवून घेतली. सर्वांत वर डेव्हलपर, मधल्या पायरीवर सिरक्याच्या जातीचें आंबट पाणी, सर्वांत खालीं हायपो. जागा वाचावी एवढाच माझा हेतु होता. परंतु त्यांत एक शहाणपण आपोआप साधलें. ओल्या कागदावरून गळणारे थेंब नेहमीं खालीं पडतात. डेव्हलपरचा थेंब हायपोंत पडला तर फारसें बिघडत नाहीं. हायपोचा थेंब डेव्हलपरमध्यें पडला तर तें सारें तबक बाटतें. घडवंचीच्या रचनेमुळें सोंवळें नेहमीं वर राहिलें. प्रत्येक तबकाचा बांबूचा चिमटा निराळा; त्यांची अदलाबदल झाली तर रात्र फुकट. स्वयंपाकघरांतलें एकहि भांडें या कामाला आणावयाचें नाहीं, आणि इकडचें एकहि भांडें तिकडे जावयाचें नाहीं, हा करार मात्र घरच्या मंडळींनीं घातला, मीं नव्हे. आणि तो सर्वथैव योग्य होता. पितळेचें पातेलें तर या रसायनांना मुळींच चालत नाहीं.

तांबडा दिवा म्हणजे डालड्याच्या डब्यांत बसवलेला एक लहानसा गोळा व पुढें तांबडी कांच. त्याचा प्रकाश खरोखरीच निरुपद्रवी आहे किंवा नाहीं हें ठरवण्याला एक सोपी कसोटी आहे. कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर एक पावली ठेवावी, पांच मिनिटें तो तसाच तांबड्या उजेडांत पडूं द्यावा आणि मग डेव्हलपरमध्यें टाकावा. पावलीचा वाटोळा ठसा पांढरा उमटला, तर दिवा लबाड आहे. माझा पहिला दिवा लबाड निघाला. खिडकीच्या फटी शोधावयाच्या, तर दिवा मालवून पांच मिनिटें स्वस्थ बसावें लागतें. डोळे अंधाराला सरावले म्हणजे घोंगडींतून एकेक तारा उगवूं लागतो. पहिल्या रात्रीं मीं अकरा तारे मोजले.

अशा तुटपुंज्या साहित्यावर मन खट्टू झालें, म्हणजे मी दादासाहेब फाळक्यांचें स्मरण करीत असें. १९१२ सालीं विलायतेहून यंत्र घेऊन आल्यावर त्यांनीं दादरच्या राहत्या घरींच कारखाना थाटला, आणि १९१३ सालीं लोकांपुढें आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या फिती त्या घरांतच धुतल्या गेल्या. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं कोऱ्या फितीच्या कडांना अंधारांत भोकें पाडण्यापासून रसायनें मिसळण्यापर्यंत सारें शिकून घेतलें, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकहि संभाळला. हा दाखला मीं एकदां आमच्या घरीं मोठ्या उत्साहानें दिला. "त्यांच्या घरीं न्हाणीघरें किती होतीं?" एवढाच प्रश्न मला विचारण्यांत आला.

ओला फोटो हाताळणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. कोरडा असतांना जो कागद ताठ मानेनें उभा राहतो, तो तासभर पाण्यांत राहिल्यावर स्वतःचा भारहि पेलूं शकत नाहीं. मोठा कागद एका कोपऱ्याला धरून उचलला, कीं त्या कोपऱ्यापाशीं चंद्रकोरीसारखी मोड पडते; ती वाळल्यावर जात नाहीं, दाबल्यानें जात नाहीं, आणि चौकटींत बसवल्यावर तर तीच प्रथम दिसते. म्हणून दोन शेजारचे कोपरे दोन्ही हातांनीं धरावे, पाणी एका कडेनें निथळूं द्यावें, आणि मग पुढच्या पाण्यांत कागद सपाट टाकावा. एका नांदेंत अनेक फोटो असले तर ते एकमेकांना चिकटून बसतात, आणि जेथें चिकटतात तेथें पाण्याचा शिरकाव होत नाहीं. तेव्हां तळाचा काढून वर घालावा, पुन्हां तळाचा काढून वर घालावा. हें काम कंटाळवाणें आहे. मला तें आवडत असे. नखें वाढलेल्या माणसानें मात्र त्याच्या वाटेस जाऊं नये.

परंतु वर्ध्याकडील माणसाचा खरा शत्रु नख नव्हे. तो उन्हाळा होय. फोटोच्या कागदावर चित्र धरून ठेवणारा जो पापुद्रा असतो तो जिलेटिनचा. वीस अंशांच्या पाण्यांत तो बेतानें फुगतो. पस्तीस अंशांच्या पाण्यांत तो लापशीसारखा मऊ होतो आणि कडेपासून सुटूं लागतो. आमच्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो, आणि गच्चीवरच्या टांकींतलें पाणी मध्यरात्रींहि कोमट असतें. यावर मीं योजलेले उपाय सगळे घरांतलेच. काम रात्रीं न करतां पहाटे तीनला करावयाचें. पाणी माठांतलें घ्यावयाचें. कारण आमची हवा इतकी कोरडी कीं माठ येथें आपलें काम मुंबईपुण्याच्या माठापेक्षां कितीतरी चोख बजावतो. तबकें ओल्या वाळूच्या परातींत ठेवावयाचीं. हिवाळ्यांत संकट उलटें. बारा अंशांच्या खालीं डेव्हलपरमधील हायड्रोक्विनोन काम करीनासें होतें आणि फोटो फिका, मरगळलेला उतरतो; तेव्हां बंबांतलें कढत पाणी परातींत ओतावयाचें आणि तबक त्यावर शेकावयाचें.

उन्हाळ्यावर आणखी एक उपाय पुस्तकें सांगतात. हायपोंत थोडी तुरटी मिसळावी. तुरटीनें जिलेटिन घट्ट होतें, पापुद्रा सुटत नाहीं. हें वाचलें तेव्हां मला गंमत वाटली, कारण ही गोष्ट आमच्या नालवाडीला नवीन नव्हे.

नालवाडी आज वर्धा शहराला इतकी चिकटली आहे कीं शहर कोठें संपतें आणि आमचें गांव कोठें लागतें हें परक्याला सांगतां येणार नाहीं. परंतु विनोबा १९३२ च्या अखेरीस येथें राहावयास आले तेव्हां हें एक वेगळें खेडें होतें. १९३८ सालीं प्रकृति ढासळल्यामुळें ते धाम नदीच्या कांठीं पवनारला गेले. तोंपर्यंत सुताच्या कमाईवर माणूस कसा जगेल याचे प्रयोग त्यांनीं येथें केले. आणि येथेंच त्या वर्षांत एक चर्मालय निघालें. कत्तल केलेल्या जनावरांचें नव्हे, तर आपोआप मेलेल्या जनावरांचें कातडें कमवावयाचें, त्या कामाला लागलेला विटाळ पुसावयाचा आणि मेलेल्या गाईचें हाड, मांस, चरबी यांपैकीं कांहीं वायां जाऊं द्यावयाचें नाहीं, असा तो उद्योग. कातडें कुजूं नये, पाण्यांत फुगूं नये, त्यानें घट्ट व्हावें, म्हणून त्याला सालीचा किंवा तुरटीच्या जातीच्या क्षारांचा संस्कार करावा लागतो. फोटोचें जिलेटिन म्हणजे तरी काय? जनावरांच्या हाडांचा आणि कातड्याचा अर्कच. तेव्हां माझ्या न्हाणीघरांतलें हायपोचें तबक हें एका अर्थीं त्या चर्मालयाचें धाकटें भावंड होतें. अहिंसेच्या चपला वापरणाऱ्या लोकांनीं फोटोच्या कागदांतलें जिलेटिन कोणत्या गाईचें, ती मेली कीं मारली, ही चौकशी कधीं केली किंवा काय, असा एक खोडकर विचार मनांत येतो. येथून कांहीं मैलांवर सेवाग्रामला नारणदास गांधींचे चिरंजीव कनु गांधी यांनीं गांधीजींचे शेंकडों फोटो घेतले. घनश्यामदास बिर्लांनीं दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांचा कॅमेरा आला, आणि गांधीजींनीं अटी तीन घातल्या: कृत्रिम दिव्याचा झोत पाडावयाचा नाहीं, मुद्दाम बसा-उभे राहा म्हणावयाचें नाहीं, आणि आश्रम या कामीं पैसा देणार नाहीं. पाण्याच्या बाबतींत इतका काटकसरी असलेल्या पुरुषानें चौथी अट धुण्याच्या पाण्याविषयीं घातली असती, तर त्यांतले किती फोटो आज शिल्लक राहते कोण जाणे.

जिलेटिनविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. एका कारखान्याच्या जिलेटिननें कागद चपळ होतो आणि दुसऱ्याच्या जिलेटिननें मंद, याचें कारण कित्येक वर्षें कोणाला उमगत नव्हतें. १९२५ च्या सुमारास कोडॅक कंपनीच्या शेपर्ड नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें तें शोधून काढलें. गाईगुरें मोहरीच्या जातीच्या वनस्पति खातात. त्या वनस्पतींत गंधकाचीं संयुगें असतात. तीं गुरांच्या कातड्यांत उतरतात, आणि त्यांचा अत्यल्प अंश चांदीच्या क्षाराला प्रकाशाची जाण देतो. मोहरी न आवडणाऱ्या गाईचा फोटोला उपयोग नाहीं! गंधकाच्या एका कणानें ज्या चित्राला डोळे येतात, त्याच चित्राला गंधकाचेच मागें राहिलेले कण पुढें आंधळें करतात. कारण हायपो म्हणजे गंधकानें भरलेलें मीठ. धुतांना तो कागदांत राहून गेला, तर वर्षानुवर्षें सावकाश कुजतो, त्यांतलें गंधक चांदीला जाऊन भिडतें, आणि काळ्या चांदीचें पिवळट तपकिरी संयुग बनतें. देव्हाऱ्यांतली चांदीची वाटी ज्या कारणानें काळवंडते, त्याच कारणानें फोटोंतला माणूस पिवळा पडतो. वाटी घासतां येते.

हायपोचा हा दुहेरी स्वभाव छायाचित्रणाइतकाच जुना आहे. त्यांत चांदीचे क्षार विरघळतात हें जॉन हर्शेलनें १८१९ सालींच पाहून ठेवलें होतें, आणि १८३९ सालीं फोटोची कला जन्मास आली तेव्हां तिला टिकाऊ करण्याचा मार्ग त्यानेंच दाखवला. पुढें पंधरा-सोळा वर्षांतच इंग्लंडांतल्या हौशी लोकांचे फोटो उडूं लागले. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें १८५५ सालीं या उडण्याचीं कारणें शोधण्यासाठीं एक समिति नेमली, आणि समितीनें मुख्य दोष दिला तो अपुऱ्या धुण्याला. आमच्या मुंबईची सोसायटी त्याच्या आदल्याच वर्षीं स्थापन झाली होती. म्हणजे ही कला आमच्याकडे आली ती तिच्या रोगासकट आणि रोगाच्या निदानासकट आली. निदान झालें म्हणून रोग टळतो असें मात्र नाहीं.

आतां धुण्याचें गणित. नळाखालीं फोटो सोडून देण्यापेक्षां पाणी पुनः पुनः बदलणें अधिक किफायतशीर आहे, हें त्यावरून कळतें. तबकांत जेवढें पाणी आहे त्याचा पन्नासावा हिस्सा कागद आपल्या अंगाबरोबर घेऊन निघतो असें धरा. पहिल्या पाण्यानंतर हायपोचा पन्नासावा भाग उरतो, दुसऱ्यानंतर अडीच हजारावा, तिसऱ्यानंतर सव्वा लाखावा. तीन पाण्यांत सव्वा लाखावा भाग! हें गणित कागदावर फार सुंदर दिसतें. कागदांत उतरत नाहीं. कारण हायपो नुसता पाण्यांत नसतो. कागदाच्या तंतूंना तो बिलगून बसलेला असतो, आणि तेथून निघावयास त्याला वेळ हवा. म्हणून पांच पांच मिनिटांच्या अंतरानें बारा पाणीं, म्हणजे एक तास, असा माझा पुढें पुढें नेम झाला. थंड पाण्यांत वेळ अधिक लागतो. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही, कीं जी तुरटी उन्हाळ्यांत पापुद्र्याचें रक्षण करते तीच हायपोला घट्ट धरून ठेवते. ज्या ऋतूंत पाणी सर्वांत कमी, त्याच ऋतूंत फोटोला पाणी सर्वांत अधिक लागतें.

पुरें धुतलें गेलें किंवा नाहीं हें पाहण्याचें साधन आमच्याकडे घरोघर होतें. विहिरींत टाकतात तें जांभळें परमँगनेट. त्याचें फिकें गुलाबी पाणी दोन पेल्यांत घ्यावें. एकांत विहिरीच्या स्वच्छ पाण्याचे थेंब पाडावे, दुसऱ्यांत फोटोवरून निथळणारे. दुसऱ्याचा रंग आधीं उडाला तर फोटो अजून धुवावयाचा आहे. दोन मिनिटांचें काम. मी हें नेहमीं करीत असें. एकदां केलें नाहीं.

१९८७ च्या मे महिन्यांतली गोष्ट. आमच्या शेजारचे गृहस्थ, ज्यांना मी दादा म्हणत असें, अकस्मात गेले. त्यांचा फोटो काढवून घेण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यांत फारसा आलाच नव्हता. आदल्या वर्षीं संक्रांतीच्या सुमारास ओसरीवर सुपारी कातरीत बसलेले असतांना सहज मीं त्यांचा एक फोटो घेतला होता, तेवढाच. तेराव्याला भिंतीवर लावावयास तो मोठा करून द्यावा, असा वहिनींचा निरोप घेऊन त्यांचा धाकटा मुलगा आला. त्या उन्हाळ्यांत आमची विहीर तळाला लागली होती, आणि आम्ही पाणी आणीत होतों तें त्यांच्याच विहिरीवरून. त्या घरीं पाहुण्यांची रीघ, दोरीला पोहऱ्याला विसांवा नाहीं. त्यांतच मी दोन घागरी मागून आणल्या.

फोटो चांगला उतरला. दहा बारा इंचांचा कागद, उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू'; तो कारखाना आतां राहिला नाहीं. दादांचा खालचा ओंठ किंचित् पुढें आलेला, हातांत अडकित्ता, आणि डोळे माझ्यावर नव्हेत, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणावर तरी. पहाटेचे चार वाजले होते. हायपोंत अर्थात् तुरटी होती. एका वेळेला तीन लिटर, म्हणजे बारा पाण्यांना छत्तीस लिटर. ज्या घरावर दुःख कोसळलें आहे त्याच घरची घागर पुन्हां मागावयाची, तीहि मोरींत ओतून देण्यासाठीं, हें मला जड गेलें. तेव्हां मला गणित आठवलें. सव्वा लाखावा भाग! मीं तीन पाणीं दिलीं, परमँगनेटची बाटली उघडली नाहीं, आणि फोटो कांचेवर पसरून टाकला. त्या वेळीं मला स्वतःच्या विचारीपणाचें थोडें कौतुकहि वाटलें होतें, हें आतां लिहून टाकतों.

पुढें केव्हां तरी वाचनांत आलें कीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जहाजांवर गोडें पाणी जपून वापरावें लागे म्हणून फोटो समुद्राच्या पाण्यांत धुऊन पाहिले गेले, आणि हायपो गोड्या पाण्यापेक्षां खाऱ्या पाण्यांत लवकर सुटतो असें आढळलें. शेवटीं थोडें गोडें पाणी दिलें म्हणजे झालें. त्यावरून पुढें निघालेला उपाय म्हणजे सोडियम सल्फाइटचें पातळ द्रावण: शंभर भाग पाण्याला दोन भाग. त्यांत फोटो कांहीं मिनिटें हालवला, तर धुण्याचें पाणी अर्ध्याहून कमी लागतें. सोडियम सल्फाइट हा डेव्हलपरचाच एक घटक. १९८७ च्या त्या पहाटे त्याची बाटली माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती, आणि भरलेली होती.

२००९ सालीं दिवाळीच्या आधीं घरें झाडण्याचे दिवस होते. वहिनी स्वतः तो फोटो पदराखालीं झांकून घेऊन आल्या. चौकटीवर बावीस वर्षांच्या हारांचे डाग, कांचेच्या कडेला कुंकू साचलेलें. दादांचें धोतर आणि मागची भिंत हळदीसारखीं पिवळीं झालीं होतीं. एका गालाचा उंचवटा सपाट होऊन गेला होता. अडकित्ता मात्र अजून काळा होता.

"हे पाहा न भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे आतां पिकत चालले."

त्यांच्या बोलण्यांत तक्रारीचा लेश नव्हता. माणूस जसा पिकतो तसा त्याचा फोटोहि पिकतो अशी त्यांची समजूत होती, आणि कदाचित् इतकीं वर्षें दादा आपल्याबरोबरच वयानें वाढत आहेत यांत त्यांना सोबतहि वाटली असेल. ही समजूत मोडण्याचें मला कांहीं कारण नव्हतें. मी गप्प राहिलों असतों तर चाललें असतें. परंतु तें मला साधलें नाहीं. मीं त्यांना सारें सांगितलें: घागर, तीन पाणीं, तुरटी, न उघडलेली बाटली. त्यांनीं तें ऐकून घेतलें. "आमच्या विहिरीला तेव्हां पाणी होतं न भाऊजी," एवढेंच त्या म्हणाल्या.

मूळ निगेटिव्ह माझ्याजवळ बिस्किटांच्या डब्यांत सुरक्षित होती. ती माघांत धुतलेली, पोटभर पाण्यानें. तिला कांहीं झालें नव्हतें. जपून ठेवलेल्या शेवटच्या कागदांपैकीं एकावर मीं दुसरा फोटो उतरवला, सल्फाइट दिलें, बारा पाणीं दिलीं, परमँगनेटनें दोनदां पाहिलें आणि नेऊन दिला. वहिनींनीं तो दोन्ही हातांत धरून पुष्कळ वेळ पाहिला आणि त्या हंसल्या. "हे तर पोरगेसे दिसतात," त्या म्हणाल्या. "हा नातवाला राहूं द्या. मला माझाच द्या. पण त्याला पुन्हां धुऊन देतां येईल का?"

धुण्यानें गेलेला गाल परत येत नाहीं, हें मीं त्यांना सांगितलें. उरलेला हायपो असला तर तेवढा निघेल, आणि पिकणें कदाचित् येथेंच थांबेल. कदाचित् जुना पापुद्रा पाण्यांत सुटून सारेंच हातचें जाईल. "मग संभाळून धुवा," त्या म्हणाल्या.

मार्गशीर्षांतली एक सकाळ मीं त्यासाठीं निवडली. पाणी ना फार गार, ना कोमट. न्हाणीघरांत जाण्याचें कारण नव्हतें. धुण्याला अंधार लागत नाहीं. अंगणांतल्या नांदेशेजारीं तबक ठेवलें, आणि पाणी आणलें तें वहिनींच्याच विहिरीचें. फोटो चौकटींतून निघतांना एका कोपऱ्याला कांचेशीं चिकटला होता, तो तबकांत कांचेसकट ठेवला आणि आपोआप सुटेपर्यंत वाट पाहिली. पाऊण तास लागला. सल्फाइट, मग पाणी. पांच मिनिटें, मग दुसरें पाणी. पहिल्या निथळत्या थेंबांनीं परमँगनेटचा रंग झपाट्यानें तपकिरी केला. तो हायपो होता, कीं बावीस वर्षांचा धूर आणि कुंकू, हें ती कसोटी सांगूं शकत नाहीं. आठव्या पाण्यानंतर दोन्ही पेल्यांचा रंग सारखा राहूं लागला. तरी मीं बारा पुरीं केलीं. हायपोचीं पाणीं मोरीला गेलीं. शेवटचीं तीन घरच्या मंडळींनीं कांहीं न बोलतां उचलून लिंबाच्या झाडाला घातलीं.

पापुद्रा सुटला नाहीं. खालच्या कडेला बोटभर जागीं फुगला, तेवढेंच. दोन टीपकागदांमध्यें फोटो ठेवून त्यावर जुन्या पंचांगांचा गठ्ठा ठेवला. संध्याकाळीं वहिनी कुंपणाशीं येऊन उभ्या राहिल्या.

"वाळले का भाऊजी?"

"नाहीं वहिनी, अजून ओलाच आहे. उद्यां पाहूं."

"असूं द्या," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळीं आपण फार घाई केली."